यंदा कोणतं नाटक?

धान कापून झालं, बांध्या मोकळ्या झाल्या की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत एकच विषय निघतो: यंदा कोणतं नाटक आणायचं? ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा या पट्ट्यात भाऊबीजेपासून होळीपर्यंत मंडईच्या जत्रा, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट आणि रात्रीचं नाटक यांचा हंगाम असतो. नाटकाच्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे उतरतात. सोयरीक जुळवायची असेल, तर तीही याच गर्दीत जुळते. भंडारा आणि गोंदिया धरून चार जिल्ह्यांच्या या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात आणि इथल्या नाटकाला झाडीपट्टी रंगभूमी. मुंबई-पुण्यात नाट्यगृहं ओस पडल्याची चर्चा वर्षानुवर्षं चालते. इथे थंडीत शाल पांघरून हजारो माणसं पहाटेपर्यंत बसतात.

या रंगभूमीचं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजेच देसाईगंज. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत. गावाचं मंडळ तिथे जातं, कंपनी आणि नाटक ठरवतं, इसार देतं आणि परत येऊन तयारीला लागतं. शेतात मंडप पडतो. पाठीमागच्या माणसालाही रंगमंच दिसावा म्हणून प्रेक्षकांच्या बाजूची जमीन खोदून तिला उतार देतात. वर टांगलेले माइक, मागे रंगवलेले पडदे, समोर ऑर्गन, तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड. रात्री नऊ-दहाला सुरू झालेलं नाटक उजाडायच्या सुमारास संपतं. तिकिटांतून उरलेला पैसा मंडळाकडे राहतो आणि पुष्कळ ठिकाणी तो गावाच्या कामी येतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी याच रंगमंचावर हयात घालवली. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीचं नाव निदान कानावर तरी आलं.

इथे नट आहेत, गायक आहेत, वादक आहेत, प्रेक्षक तर आहेतच. कमी पडते ती संहिता. मंडळ नाटक निवडतं तेव्हा समोर असतं ते हँडबिल. त्यावर कलावंतांची नावं, नाटकाचं जोरदार शीर्षक आणि किती नृत्यं आहेत त्याचा उल्लेख. नाटक वाचून निवडण्याची सोयच नसते, कारण झाडीपट्टीतल्या बहुतेक संहिता छापल्या जात नाहीत. त्या हस्तलिखितात किंवा झेरॉक्स प्रतीत फिरतात, हंगाम संपला की बासनात जातात. मग सासुरवास, सूड, हरवलेला भाऊ, पाटलाचा जुलूम याच वाटेनं पुढचं नाटक जातं. प्रेक्षकाला हेच लागतं, असं म्हणून सगळे मोकळे होतात. मला ते पटत नाही. सहा-सहा तास बसणारा प्रेक्षक उथळ असू शकत नाही. त्याला देण्यासारखी नाटकं मराठीत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत लिहिली गेली आहेत. त्यांतली काही तर याच मातीतल्या माणसांनी लिहिली आहेत.

सुरुवात घरापासून करतो. प्रेमानंद गज्वी यांचा जन्म १९४७ चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिंपळगावचा. २०१९ मध्ये नागपूरला झालेल्या ९९ व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका महाविद्यालयांत आणि वस्त्यांमध्ये असंख्य वेळा झाली. विषय नावातच आहे: पाण्याच्या घोटासाठी जातीनं अडवलेली माणसं. नेपथ्य जवळजवळ नाही, नटही मोजके, आणि शब्द थेट. मुख्य नाटकाच्या आधी तासभराची जागा रिकामी असेल, तर तिथे बसवायला यापेक्षा चांगलं काही मला माहीत नाही.

त्यांचं 'किरवंत' हे पूर्ण लांबीचं नाटक आहे. १९९१ मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी ते रंगभूमीवर आणलं. किरवंत म्हणजे अंत्यविधी करणारा ब्राह्मण. मेलेल्याला मार्गी लावण्यासाठी सगळ्यांना तो हवा असतो आणि एरवी त्याची सावलीही नको असते. दलित लेखकानं ब्राह्मणांतल्या बहिष्कृताचं दुःख लिहावं, ही या नाटकातली मोठी गोष्ट. गावातल्या मंडपात ते का चालेल, याचं कारण मात्र दुसरं आहे. नाटकात घर आहे, नवरा-बायको आहेत, भावाभावांतला ताण आहे आणि दाराबाहेर उभं असलेलं अख्खं गाव आहे. झाडीपट्टीच्या नटाला कौटुंबिक नाटकाची जी ताकद असते, ती सगळी इथे वापरता येते. विचार सांगण्यासाठी भाषण करावं लागत नाही. गज्वींचं 'गांधी आणि आंबेडकर'ही वाचावंच. करायला ते अवघड आहे, कारण दोन्ही भूमिकांना चेहरेपट्टीपेक्षा वाचनाची तयारी लागते. पण गडचिरोलीच्या एखाद्या महाविद्यालयानं चार महिने घेऊन ते बसवलं, तर ती मुलं त्या विषयावर पुढे आयुष्यभर ठामपणे बोलतील.

आता 'वाडा चिरेबंदी'. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. १९८५ मध्ये विजया मेहतांनी हे नाटक बसवलं. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, नुकतेच गेलेले तात्याजी, मुंबईहून तेराव्यासाठी आलेला मुलगा सुधीर, आणि खर्चाच्या हिशेबातून उसवत जाणारं घर. अंगणात एक ट्रॅक्टर उभा आहे. कधीतरी हौसेनं घेतलेला, आता गंजलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची ठेच लागते, पण तो विकायचं कुणी मनावर घेत नाही. रंगमंचावर ट्रॅक्टर आणावा लागत नाही. माणसं त्याच्याविषयी बोलतात, अडखळतात आणि तो आपोआप दिसू लागतो. आपल्याकडे किती घरांच्या अंगणात अशी एखादी वस्तू पडून आहे! मळणीयंत्र म्हणा, बंद पडलेली मोटारसायकल म्हणा. हे नाटक गावातल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागणार नाही.

एलकुंचवारांनी पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लिहून त्याची नाट्यत्रयी केली. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी 'आविष्कार'साठी तिन्ही भाग एकत्र बसवले, तेव्हा जवळपास नऊ तासांच्या त्या प्रयोगाचं केवढं कौतुक झालं! शहरात नऊ तास बसणं हा विक्रम ठरतो. झाडीपट्टीत रात्रभर बसणं हा रिवाज आहे. म्हणून मला नेहमी वाटतं की या त्रयीचा खरा प्रेक्षक वडशाच्या आसपास आहे आणि त्याच्यापर्यंत ती पोहोचलेलीच नाही. तिन्ही भाग करा, असं मी म्हणणार नाही. 'युगान्त' फार विरळ, चिंतनाच्या वाटेनं जाणारा आहे, पहाटे चार वाजता तो पेलणार नाही. पहिले दोन भाग मात्र एका रात्रीत सहज बसतात, मध्ये चहाला वेळ ठेवूनसुद्धा. बोलीचं एक पथ्य पाळावं लागेल. वाड्यातली बोली वऱ्हाडी आहे. तिथे 'काळा'चा 'काया' होतो, आपल्या झाडीबोलीत 'कारा' होतो. संवाद झाडीत आणायचे असतील, तर ते लेखकाला विचारून आणि आदीपासून अंतापर्यंत सारखे आणावेत. अर्धं वऱ्हाडी आणि अर्धं झाडी असं नाटक कुणाच्याच कानाला गोड लागत नाही.

शेतकऱ्याच्या आत्महत्येवर आपल्याकडे नाटकं कमी झालेली नाहीत. नवरगावच्या सदानंद बोरकरांचं 'आत्महत्या' हे झाडीपट्टीनंच दिलेलं नाटक आहे. त्यांचं 'माझं कुंकू मीच पुसलं'ही या मुलखात गाजलं. झाडीपट्टीचा लेखक फक्त गाणी आणि विनोद लिहितो, असं कुणी म्हणालं तर त्याला ही दोन नावं सांगावीत. त्यांच्या जोडीला श्याम पेठकरांचं 'तेरवं' वाचायला हवं. हरीश इथापेंनी ते बसवलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी त्यात स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. माणूस गेल्यावर मागे राहिलेली बाई, तिच्या नावावर नसलेली जमीन, तिच्यावर असलेली नजर, आणि तरीही जगायचं ठरवलेला तिचा जीव: नाटक या सगळ्याला तिच्या तोंडून वाचा देतं. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन झालं. त्याचं उद्घाटन याच नाटकातल्या एका कलावतीच्या हस्ते झालं. 'तेरवं' दुसऱ्या नटसंचानं करायचं म्हणजे जबाबदारी मोठी. रडारड वाढवली की ते नाटक मेलं, असं समजावं. ते ताठ कण्यानं बोलणाऱ्या बायकांचं नाटक आहे.

मंडपातल्या प्रेक्षकाला हसू हवं, हे अगदी खरं. दिवसभर राबून आलेल्या माणसाचा तो हक्कच आहे. त्यासाठी जालन्याकडे बघा. घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थच्या राजकुमार तांगडे यांनी शेती करत करत नाटकं लिहिली. गावातली वीज, तारेवर टाकलेला आकडा आणि त्यामागचं राजकारण यांवरचं त्यांचं 'आकडा' रात्री भारनियमन सोसलेल्या कुठल्याही गावाला आपलंच वाटेल. त्यांचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ मध्ये आलं. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगतांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. शिवाजी महाराजांना न्यायला यम येतो, पण त्यांचे विचार काही त्याच्या हाती लागत नाहीत. ते शोधत तो आजच्या भीमनगर मोहल्ल्यात येऊन पोहोचतो. यमाची फजिती, शाहिरी, सवाल-जवाब, टाळ्या-शिट्ट्या, सगळं आहे. आणि त्या हसण्यातूनच महाराज कुणाचे होते, रयतेविषयी त्यांची भूमिका काय होती, हा प्रश्न उभा राहतो. त्यात काम करणारे बरेच नट जालना जिल्ह्यातल्या गावांतून आले होते आणि त्यांनी राज्यभर शेकडो प्रयोग केले. झाडीपट्टीच्या रंगमंचाला आजच्या मराठी नाटकांतलं सगळ्यांत जवळचं नाटक कोणतं, असं विचारलं तर मी याचंच नाव घेईन. खडी गंमत आणि दंडार ही इथली लोकनाट्यं पाहत वाढलेल्या नटाला यातली चाल नवी नाही.

गाण्याचं नाटक हवं असेल, तर प्राजक्त देशमुखांचं 'संगीत देवबाभळी'. २०१७ मध्ये ते रंगभूमीवर आलं आणि त्याच्या संहितेला २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तुकोबांची आवली नवऱ्यासाठी भाकरी घेऊन जाताना तिच्या पायात काटा रुततो, आणि तिची सेवा करायला रखुमाई लखुबाई बनून घरात येते. दोनच बाया. एकीचा नवरा देवापायी घर विसरलेला, दुसरीचा नवरा भक्तांपायी. दोघींची भांडणं, चेष्टा आणि मधूनच एकमेकींना दिलेला आधार यावर सगळं नाटक उभं आहे. गात्या गळ्याच्या दोन अभिनेत्री असतील तरच हे हाती घ्यावं. झाडीपट्टीत तशा अभिनेत्री आहेत, हे मी खात्रीनं सांगतो. लांबी रात्रभराची नाही. म्हणून आधी गावची दंडार ठेवावी आणि मग 'देवबाभळी'.

आणखी काही नावं भराभर सांगतो. नाशिकच्या दत्ता पाटलांचं 'हंडाभर चांदण्या' हे पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या गावाचं नाटक. तलावांच्या आपल्या मुलखातही उन्हाळ्यात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जयंत पवारांचं 'अधांतर' गिरणी बंद पडल्यावर एका घराचं काय होतं ते दाखवतं. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसच्या कामगार वस्त्यांत ते पोहोचेल, आतल्या जंगलातल्या गावात कितपत पोहोचेल याची शंका आहे. प्रशांत दळवींचं 'चारचौघी' १९९१ चं, २०२२ मध्ये ते पुन्हा रंगभूमीवर आलं. आई आणि तीन मुली. थोरली मुलगी नवऱ्याशी फोनवर बोलते, तो लांबलचक प्रवेश कोणत्याही अभिनेत्रीनं निदान एकदा मोठ्यानं वाचून पाहावा. राज्य हौशी नाट्यस्पर्धेच्या चंद्रपूर केंद्रावर उतरणाऱ्या संस्थांनी शफाअत खान, मकरंद साठे, धर्मकीर्ती सुमंत हेही वाचावेत. ते मंडपासाठी नाहीत, बंद नाट्यगृहासाठी आहेत, आणि त्यात काही कमीपणा नाही.

नाटक निवडताना काय पाहावं? माझ्या मते पहिली कसोटी मोठ्यानं वाचनाची. मंडळातल्या आठ-दहा जणांनी, त्यांत निदान तीन-चार बायका हव्यात, गोल बसून संहिता पहिल्या पानापासून वाचावी. जिथे ऐकणाऱ्यांची चुळबुळ सुरू होते, तिथे प्रयोगातही होणार. दुसरी कसोटी आवाजाची. मंडपात चेहऱ्यावरचा बारीक भाव शेवटच्या रांगेला दिसत नाही. ज्या नाटकाचा सगळा अर्थ न बोललेल्या गोष्टींत आहे, ते इथे हरवून जातं. तिसरी गोष्ट तालमीची. झाडीपट्टीचे नट एका तालमीत, प्रॉम्प्टरच्या भरवशावर नाटक उभं करतात. हे त्यांचं विलक्षण कसब आहे आणि त्याला मी नमस्कार करतो. पण 'किरवंत' किंवा 'वाडा' त्या पद्धतीनं होणार नाही. तिथे वाक्याच्या मधल्या थांब्यालाही अर्थ आहे. हंगामाआधी पंधरा दिवस एकत्र बसणारा संच हवा, आणि त्या पंधरा दिवसांचं मानधन कंपनीनं आणि मंडळानं मिळून द्यायला हवं.

परवानगीचंही सांगतो, कारण तिथे फार ढिलाई होते. लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी आणि ठरलेलं मानधन दिल्याशिवाय प्रयोग लावू नये. नाव बदलून, दोन प्रवेश घुसवून दुसऱ्याचं नाटक करणं ही चोरी आहे. त्याशिवाय महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. छापील पुस्तकावर प्रकाशकाचा पत्ता असतो. एक पत्र टाकलं तर बहुतेक लेखक आनंदानं उत्तर देतात. आपलं नाटक कुरखेड्याच्या शेतात हजारो माणसांसमोर होणार, हे कळल्यावर कोणता लेखक नाही म्हणेल?

आणि यातून शहरी नाटक गावावर लादायचं, असं कुणी समजू नये. उलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गडचिरोलीच्या पूर्वेला लागूनच छत्तीसगड. तिथल्या हबीब तन्वीरांनी १९५९ मध्ये नया थिएटर काढलं, पुढे रात्ररात्र 'नाचा' हे लोकनाट्य करणाऱ्या गावच्या कलावंतांना त्यांनी बरोबर घेतलं, आणि त्यांना त्यांच्याच छत्तीसगढी बोलीत बोलू दिलं. त्यातून १९७५ मध्ये 'चरणदास चोर' उभं राहिलं. खोटं न बोलण्याचं व्रत घेतलेल्या चोराची ती गोष्ट, मूळ राजस्थानी लेखक विजयदान देथा यांची. १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्या नाटकानं पारितोषिक मिळवलं. नट तेच, बोली तीच, गाणी तीच. भर पडली ती चांगल्या संहितेची आणि तालमीची. आमच्या दंडारीतल्या नटांत आणि त्या नाचातल्या नटांत तसूभरही फरक नाही.

आता जी नाटकं अजून लिहिलीच गेलेली नाहीत, त्यांच्याविषयी. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरीही आपलाच बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा कुठे तो अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. सर्वसहमतीशिवाय एकही निर्णय न घेणारी ग्रामसभा रंगमंचावर कशी दिसेल, विचार करा. नायक नाही, खलनायकाचा मुखवटा नाही, आणि संघर्ष मात्र तगडा. वाघाचंही तसंच. मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला पहाटे गेलेली बाई परत येत नाही, गाव वनखात्यावर धावून जातं, आणि त्याच वाघाला पाहायला ताडोब्यात गाड्यांची रांग असते. या विषयात कुणा एकाला दोषी ठरवून मोकळं होता येत नाही, म्हणून तो नाटकाचा विषय आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. दोन शेजारी जिल्हे, मध्ये वैनगंगा, आणि दोन्ही काठांवर दोन कायदे. बंदीसाठी मोर्चे काढणाऱ्या बायका आज काय म्हणतात, हे कुणी त्यांच्याच बोलीत लिहायला हवं. माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या तरुणांनी आपल्या भाषेत लिहिलं, तर हा रंगमंच आणखी मोठा होईल.

वडशाच्या कंपन्यांना माझी विनंती आहे की दर हंगामात निदान एक नाटक हँडबिलासाठी नव्हे, संहितेसाठी निवडा आणि आपल्या लेखकांच्या चांगल्या संहिता छापून ठेवा. मंडळांना सांगणं एवढंच: रोवणी आटोपली की हातात वेळ असतो. 'किरवंत' आणि 'वाडा चिरेबंदी' या दोन पुस्तकांपासून सुरुवात करा, गावात बसून मोठ्यानं वाचा, आणि आवडलं तर इसार देण्याआधी लेखकाला पत्र लिहा.